फवारणीचा कोट

सायखेडा, १४ जून

योगिनी,

आशीर्वाद देतो. तुला नको असला तर घेऊ नको, पण मोठ्या भावानं पत्रावर आशीर्वाद लिहायची रीत हाय, ती मी मोडणार नाय. रीत मोडायचं काम आपल्या घरात तू घेतलंय.

माझा नंबर तू बंद करून टाकला. वैष्णवीच्या फोनवरून लावला तर वहिनीशी गोड बोलतेस अन् माझा आवाज आला की कट. मंग राह्यलं पोस्ट. हरसूलचा पोस्टमन काय तुझा नोकर नाय, तो पत्र टाकणारच.

भांडायला लिहीत नाय. वैशाखात झालं ते झालं. सुपारी फुटली होती, बस्त्याचा दिवस होता, कापडाच्या दुकानात दोन्हीकडची माणसं गादीवर बसलेली. दीपकची आई एवढंच म्हणाली, की लग्नानंतर नोकरी अन् गाडी दोन्ही सोडाव्या लागतील, गुरांना सुया टोचत डोंगरात फिरणारी सून आमच्यात चालत नाय. हो म्हणून गप बसली असतीस तर पुढचं मी बघून घेतलं असतं. पण नाय. 'मंग या साड्या दुसरीला बघा' म्हणालीस अन् चपला घालून चालती झालीस. ओझरच्या पाहुण्यांसमोर केरूमामाचं तोंड पार काळं पडलं. सोयरिक त्यानं आणलेली, आपल्या सख्ख्या मामानं. मंग मी घरी आल्यावर म्हणालो, की पुन्हा या घराची पायरी चढू नको. म्हणालो तर म्हणालो. तू पण काय कमी बोलली नाय.

ते मरू दे. मी लिहितोय ते वेगळ्याच कामासाठी.

आई तुझ्याकडून परत आली अन् सांगत होती, योगूनं नाशिकला द्वारक्याच्या फुटपाथवरून रेनकोट घेतला, गुलाबी, आरपार दिसतो. अगं येडे, तो रेनकोट हाय का? लग्नात बुंदी भरायची पिशवी हाय ती! वाघेऱ्याच्या घाटात वारा सुटला की त्याच्या चिंध्या होतील अन् तू गाडीवर कुडकुडत बसशील. कुडकुडलेल्या माणसाचा ब्रेकवरचा हात वेळेवर दाबत नाय. तिथंच माणूस जातो.

आता नीट ऐक. लांब कोट घ्यायचाच नाय, त्याचं टोक उडून गाडीच्या चेनमध्ये जातं. शर्ट-पँट वेगळे घे. घेताना उलटा करून बघ, शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली पाहिजे, अन् ती नखानं उचकटून बघायची. दुकानदार काय म्हणंल ते म्हणू दे. शर्टाच्या चेनवर झाकण पाहिजे. पँटीच्या बैठकीला मधोमध शिवण नको, गाडीवर पाणी सगळ्यात आधी तिथंच साचतं. पँट बुटाच्या वरून घालायची, आत खोचलीस तर बुटाची बादली होते. रंग पिवळा नाय तर भगवा. काळा अजिबात नको, धुक्यात जीपवाल्याला तू दिसली पाहिजे.

उत्तर लिही म्हणत नाय. तो गुलाबी कागद अंगावर घेऊन घाट चढू नको, एवढंच. आईला झोप लागत नाय. मला लागते, माझी काळजी नको.

तुझा मोठा भाऊ,
सोमनाथ


सायखेडा, २९ जून

योगू,

हे पत्र पोस्टात टाकणार नाय. पावसाळा सरला की तुझ्या हातात देणार अन् तुझं तोंड बघत उभा राहणार.

पहिलं पत्र तू फाडून आईच्या पिशवीतच परत पाठवलं, भाकरीच्या फडक्याशेजारी. काय तो तोरा! वाचून फाडलं का न वाचता, तेही आईला सांगता येईना. मी म्हणालो, ठीक हाय. तू जर डोंगराएवढी हट्टी, तर मी पण लंकाबाईचाच लेक हाय.

दुसऱ्या दिवशी द्वारक्याला गेलो. बाजारभाव बघायला चाललो म्हणून घरी सांगितलं. रेनकोटाची जेवढी दुकानं दिसली तेवढी पालथी घातली. एका शेटला म्हणालो, बादलीभर पाणी आण. तो म्हणाला, कशाला? मी कोटाची बाही खालून गाठ मारून बंद केली, वरून पाणी ओतलं अन् हातात धरून उभा राह्यलो. शेट म्हणतो, 'दादा, असं कोणी बघतं का?' तोवर शिवणीतून टप टप सुरू झालं. त्याच्या गादीवर तळं झालं. दुसऱ्या दुकानात रायडिंगचं जाकीट दाखवलं, कोपराला गाद्या, खांद्याला गाद्या, पाठीला फळकूट. चांगलं होतं, नाय कशाला म्हणू. पण पाण्याचं विचारलं तर म्हणतो, आतून वेगळा पडदा लावावा लागतो, तो एखादा पावसाळा जातो, पुढचं सांगता येत नाय. मी म्हणालो, मंग तुझ्याकडून घेऊ कशाला?

अन् येताना गाडीवरच डोक्यात लख्ख उजेड पडला. काखेत कळसा अन् गावाला वळसा! माझा फवारणीचा कोट! जाड, पिवळा, पँटीसकट. ट्रॅक्टरमागं फवारणीचा ब्लोअर लावून द्राक्षाच्या बागेत फिरतो तेव्हा वरून, खालून, बाजूनं नुसता औषधाचा पाऊस असतो, अन् आत बनियन कोरडी. परवाच टमाट्यावर अळीचं जालीम औषध मारलं, तेव्हा पण थेंब आत आला नाय. अशी चीज घरात असताना मी द्वारक्याला शेटच्या गादीवर पाणी सांडत बसलो होतो.

बाहेरून साबणानं घासून काढला. आतलं अस्तर नाय धुतलं. अस्तर धुतलं की सुटतं अन् मंग कोट गळतो, हे आपल्याकडं शेंबडं पोरगं पण सांगंल. सावलीत वाळवला. वैष्णवी म्हणाली, अजून औषधाचा वास येतोय. मी खिशात डांबरगोळ्या टाकल्या अन् म्हणालो, वासानं कोणी मरत नाय. मंग शिंप्याकडून खांदे तुझ्या मापाचे करून घेतले. पाठीवर फवारणीपंपाचं चित्र होतं, त्यावर चकाकणारी पट्टी शिवून घेतली. आता कोणाचा बाप ओळखणार नाय.

आईला सांगितलं, तू घेतला म्हणून सांग, द्वारक्यावरून. माझं नाव काढलंस तर ती घालायची नाय. आई म्हणाली, 'खोटं बोलू का पोरीशी?' मी म्हणालो, पोरीच्या जिवापेक्षा तुझं खरं मोठं हाय का?

काल आई देऊन आली. म्हणे घातल्या घातल्या गिरकी घेतलीस अन् म्हणालीस, 'आई, तुला कसं गं एवढं चांगलं निवडता आलं?' आईला रडू यायला लागलं, ती चुलीकडं तोंड करून बसली. मी हे ऐकून बागेत गेलो अन् एकटाच हसलो.

घाल, बाई, घाल. दिवाळीला येशील तेव्हा सांगीन, कोणाचा कोट घालून घाट चढलीस. तेव्हा फाड हे पण पत्र.

तुझा दादा


सायखेडा, २७ जुलै

योगिनी,

हे पत्र पोस्टात टाकतोय, ते पण आजच. फाडायच्या आधी वाच.

आई काल परत आली. तू काय खात नाय म्हणती. खाल्लं तर टिकत नाय. मळमळतं, डोळ्यासमोर अंधारी येते, तोंडाला पाणी सुटतं, घाम फुटतो. गाडीवरून आलीस की भिंत धरून बसतेस. डॉक्टरला दाखव म्हणाली तर 'गोचिडाच्या औषधाचा वास चढतो, होईल बरं' म्हणून उडवून लावलंस. आई भोळी हाय, तिनं विश्वास ठेवला. मी भोळा नाय. दोन लेकरांचा बाप हाय. बाईमाणसाला मळमळ कशानं होते हे मला कोणी शिकवायला नको.

आता कळलं बस्ता कशासाठी मोडलास. नोकरी नव्हं अन् गाडी नव्हं. आम्ही मात्र येड्यासारखं म्हणत होतो, पोरगी स्वाभिमानी हाय. वैष्णवी तर आतापर्यंत तुझीच बाजू घेऊन माझ्याशी भांडत होती. मी तिला म्हणालो, बघ, तुझी स्वाभिमानी नणंद!

कोणाचं हाय? तुझ्या गुरांच्या दवाखान्यातल्याचं का गावातल्याचं? नाव सांग. मी येतो, काय करायचं ते करतो. पण लपवू नको. पोट काय लपत नसतं.

केरूमामाला मी सांगून टाकलं. सांगायलाच पाहिजे होतं. तो बिचारा तुझ्यापायी ओझरच्या पाहुण्यांकडं माफी मागत फिरतोय. त्याला तरी कळू दे, कशापायी.

बापाच्या माघारी तुला शिकवली, गाडी शिकवली, डोक्यावर चढवली, त्याचं हे फळ. आई जिवंत असेपर्यंत तरी गावात येऊ नको.

सोमनाथ


नाशिक, दवाखान्याचा व्हरांडा, २ ऑगस्ट

योगू,

तू आत हायस अन् मी बाहेरच्या बाकावर. सिस्टर येऊन सांगून गेली, 'पेशंट म्हणतात, भाऊ आत यायला नको.' मंग लिहितोय. वैष्णवीनं दुकानातून वही आणून दिली.

काल काय झालं ते तुला अर्धंच माहीत असंल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तुला बघायला पुन्हा हरसूलला गेलेली आई दुपारी घरी आली. तू तिला हरसूलहून गाडीवर मागं बसवून द्वारक्याला आणलंस, सायखेड्याच्या गाडीत बसवून दिलंस. पाऊस होता म्हणून तुझा कोट आईच्या अंगात घातलास अन् तू तो गुलाबी कागद पांघरलास. आईला गाडीत बसवल्यावर कोट परत घेतलास अन् निघालीस हरसूलला. आई हे सगळं कौतुकानं सांगत होती. ओट्यावर टेकली, पाणी दे म्हणाली, अन् बोलता बोलता तोंडातून लाळ गळायला लागली. मंग उलटी. अंग गार अन् घामानं भिजलेलं. हातपाय थरथरायला लागले. वैष्णवी ओरडली, 'अहो, आईंच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघा!' मोहरीच्या दाण्याएवढ्या झालेल्या.

गावातल्या डॉक्टरनं एकदा डोळ्यात बॅटरी मारली अन् पहिला सवाल माझ्याकडं बघून, 'आजी फवारणीच्या शेतात गेल्या होत्या का?' मी म्हणालो, छे, ती तर लेकीकडून आली आत्ता. 'मग अंगात काय घातलं होतं?' आई डोळे मिटूनच म्हणाली, 'योगूचा कोट.'

योगू, तो कोट कोणाचा ते मला ठाऊक होतं. मळमळ, अंधारी, लाळ, घाम. तुझ्याबद्दल आई जे जे सांगायची ते सगळं आईलाच झालेलं माझ्यासमोर पडलं होतं. साठीच्या म्हातारीला आता काय म्हणू? कोणाचं नाव विचारू?

डॉक्टर म्हणाला, औषधाची बाधा हाय. अस्तरात जिरलेलं असतं, पावसाचं अन् घामाचं पाणी लागलं की पुन्हा ओलं होतं अन् चामडीतून आत जातं. बाहेरून कोट कितीही धुवा. त्यानं आईला सुई टोचली अन् नाशिकला न्यायला सांगितलं. वैष्णवी आईला घेऊन निघाली. मी तिच्या फोनवरून तुला लावत होतो. रिंग जात होती, तू उचलत नव्हतीस. गाडीवर असशील हे कळत होतं तरी लावत होतो. मंग तुझ्या दवाखान्यात लावला. शिपाई म्हणाला, मॅडम अजून आल्या नाहीत.

तुझ्या अंगात तोच कोट होता अन् वर पाऊस पडत होता.

गाडी कशी मारली ते मला सांगता यायचं नाय. गिरणारे गावाच्या पुढं डोळ्यांत पाणी जात होतं, पुसायला पण हात सोडला नाय. येणारी प्रत्येक गाडी तुझी वाटायची, प्रत्येक वळणावर वाटायचं, आता खाली दरीत पिवळं काहीतरी दिसणार. तो रंग मीच निवडला होता, जीपवाल्याला दिसावी म्हणून. रस्त्यावरच्या माणसाला ओरडून विचारायचो, पिवळ्या कोटातली बाई गेली का? एकजण म्हणाला, गेली, पण गाडी हेलपाटत होती.

घाटाच्या पायथ्याला नवसाबाईची चहाची टपरी हाय. तुझी गाडी तिथं आडवी पडलेली. तू खांबाला टेकून खाली बसलेलीस, मान छातीवर. नवसाबाई तुला लिंबूपाणी पाजत होती, ते ओठांतून बाहेर येत होतं. अन् थंडी वाजते म्हणून कोटाची सगळी बटणं तू गळ्यापर्यंत लावून घेतलेलीस.

मी बटणं तोडायला लागलो. तुझ्या अंगात ताकद नव्हती तरी तू माझा हात धरलास. 'सोड,' म्हणालीस. 'आईनं दिलाय.' मी ओढतोय अन् तू दोन्ही हातांनी कोट छातीशी धरून बसलेलीस. 'तुला काय करायचंय? माझ्या आईनं दिलाय.' शेवटी मी बोंबललो, 'मी दिलाय गं! माझा हाय तो! फवारणीचा हाय!'

तू माझ्याकडं बघितलंस. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मी तुला दिसत होतो का नाय, देव जाणे. पण हात सोडलेस.

नवसाबाईनं लुगड्याचा आडोसा धरला अन् पिंपातल्या पाण्यानं तुला डोक्यापासून धुतलं, आपलं धडुतं तुला नेसवलं. मी पाठ करून रस्त्यावर उभा, येईल त्या गाडीला आडवा होत होतो. जीपवाला थांबला. त्यानं गाडी सरळ नाशिकला घेतली. वाटेत तुझा श्वास घरघरायला लागला तेव्हा मी ज्या देवांची नावं घेतली त्यांतल्या निम्म्यांच्या देवळात मी कधी गेलेलो पण नाय.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी औषधाची बाटली कोणती ते विचारलं. वैष्णवीनं घरी शेजारणीला सांगून फोटो मागवून दिला. रात्रभर तुला सुया चालू होत्या. सकाळी त्या बाहेर येऊन म्हणाल्या, 'धोका टळलाय. आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं.' मंग मला विचारलं, 'तुम्ही स्वतः हा कोट किती वर्षं घालताय? फवारणीच्या दिवशी तुम्हाला काही होत नाही?' मी म्हणालो, काय नाय, ऊन लागतं थोडं. डोकं धरतं, जेवण जात नाय. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. माझं मलाच ऐकू आलं मी काय बोललो ते.

आई दुसऱ्या वॉर्डात हाय, उठून बसली, चहा प्यायली. तुझंच विचारती. मी तिला सांगितलं, योगू बरी हाय.

सत्तावीस तारखेला मी एक पत्र टाकलं होतं. ते तुझ्यापर्यंत पोचलं का नाय, हे मला कोणाला विचारायची हिंमत होत नाय. पोस्टाचा कारभार ढिला असतो म्हणतात. मी इथं बाकावर बसून आयुष्यात पहिल्यांदा त्या ढिलाईसाठी देवाला हात जोडतोय.

सिस्टरनं पुन्हा विचारून पाह्यलं. तू मान हलवून नाय म्हणालीस म्हणे. बरं. मी हाय इथंच.

दादा


सायखेडा, २२ ऑगस्ट

योगिनी,

हे पत्र पोस्टानं पाठवतोय. फाडलंस तरी चालंल, पण तुकडे आईच्या पिशवीत घालू नको. ती ते जुळवत बसते.

दवाखान्यातून सोडायच्या दिवशी तू मला आत बोलावलंस. मला वाटलं, शिव्या देशील. मी तयारीच करून आलो होतो. पाया पडणार होतो, खरंच, धाकट्या बहिणीच्या पाया पडू नये म्हणतात तरी. म्हणणार होतो, मारलं असतं गं तुला मी, माझ्या शहाणपणानं मारलं असतं.

तू म्हणालीस, 'कोटाचं काही मनात ठेवू नको. तो तू चुकून दिलास.'

मी पुढं सरकलो. तेव्हा तू म्हणालीस, 'पत्र चुकून लिहिलं नव्हतंस.'

म्हणजे मिळालं होतं. मंग कळलं, आईला द्वारक्याला सोडायला निघालीस त्याच्या आदल्या दिवशीच मिळालं होतं. ते वाचून तू रात्र काढलीस, सकाळी आईला भाकर करून घातलीस, तिला तुझा कोट घातलास, अन् तिला एका शब्दानं कळू दिलं नाय, की तिच्या लेकानं तुला काय विचारलंय. योगू, मला वाटतं त्या दिवशी तू घाटात पडली असतीस तर मला जन्मभर कळलं नसतं, औषधानं पडलीस का माझ्या पत्रानं.

मी म्हणालो, काय करू सांग. तू म्हणालीस, 'ज्यांना सांगितलंस त्यांना जाऊन सांग.' बस, एवढंच. तुझी सहकारीण चैताली तुझी पिशवी घेऊन दारात उभी होती, तू तिच्याबरोबर तिच्या घरी गेलीस. मी वॉर्डात एकटाच उभा.

सांगून आलो. केरूमामाच्या ओट्यावर माणसं बसलेली होती, तीच वेळ धरून गेलो. म्हणालो, 'मी माझ्या बहिणीबद्दल बोललो ते खोटं होतं. माझ्याच कोटानं तिला बाधा झाली होती अन् मी तिच्या अब्रूवर घाण टाकली.' मामा म्हणाला, 'जाऊ दे रे सोमनाथ, घरातलं घरात ठेवावं, लोक विसरतात.' मी म्हणालो, 'मामा, ओझरपर्यंत पसरवताना तुम्ही घरात ठेवलं नाय. आता जिथं जिथं बोललात तिथं माझ्यासंगं चला.' तो काय आला नाय. मी एकटाच ओझरला गेलो. दीपकच्या आईनं पाणी दिलं, चहा दिला नाय. मी उभ्यानं सांगितलं अन् निघालो. फाटकाशी दीपक मागून आला. म्हणाला, 'योगिनी गाडी चालवतात अजून?' मी म्हणालो, चालवते. तो म्हणाला, 'बरं झालं.' अन् आत गेला.

घरी येऊन वैष्णवीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'मला नका सांगू. मी त्या दिवशी वास येतोय म्हणाले होते, तेव्हा ऐकलं असतं तर बास होतं.' तिचं पण बरोबर हाय. आपल्या घरातल्या बायकांचं सगळ्यांचंच बरोबर निघालंय अन् मी एकटा वर्षानुवर्षं मोठ्यानं बोलतोय.

मंग परवा आईनं आपल्या दोघांना एकत्र आणायचा घाट घातला. तुला म्हणाली, दादा संगं आला तरच नवीन रेनकोट घे, नाय तर मी जेवणार नाय. तू आईसाठी हो म्हणालीस, ते मला कळत होतं. चैतालीच्या घराजवळच्या त्या दुकानात तू पुढं, मी मागं.

मी ठरवून गेलो होतो, तोंड उघडायचं नाय. नाय उघडलं. दुकानातला पोरगा जाकिटं काढून टाकत होता, तू एकेक उलटं करत होतीस. स्टुलावर गाडीवर बसल्यासारखी बसून पँट गुडघ्यात ओढते का ते पाह्यलंस. हात पुढं करून मनगट उघडं पडतं का ते पाह्यलंस. एका जाकिटाच्या चेनवर झाकण नव्हतं, माझी जीभ वळवळली, मी ती दातांत धरली. तेवढ्यात तूच ते बाजूला सारलंस. मंग दुकानदाराला विचारलंस, 'आतलं अस्तर काढून धुता येतं का?' तो म्हणाला, येतं. तू म्हणालीस, काढून दाखवा. त्यानं काढलं. तू ते नाकाशी नेऊन वास घेतलास, बराच वेळ. मी रस्त्याकडं तोंड केलं.

भगवा सेट घेतलास. महागातला नाय, फुटपाथवरचा पण नाय. मी खिशात हात घातला तर तू माझ्याकडं न बघता फोन पुढं करून पैसे दिलेस. मी हात बाहेर काढला.

दुकानदार म्हातारा होता, बोलका. पिशवी त्यानं माझ्या हातात दिली अन् तुला हसून विचारलं, 'ताई, भाऊ का हे?'

तू हेल्मेटचा पट्टा लावत होतीस. 'नाही,' म्हणालीस. 'आमच्या गावचे आहेत.'

तो म्हणाला, असं होय. मी पिशवी तुझ्या गाडीला अडकवून दिली, गाठ नीट बसली का ते पाह्यलं, अन् सायखेड्याची गाडी पकडायला चालू लागलो.

तुझ्या गावचा,
सोमनाथ